सातवं तोंड

व्यंकटी पेंटरला वाचताना बोट लागायचं. मानवतच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या, कापसाच्या जिनिंगच्या गेटवरचं नाव त्याचं, भिंतींवरचे कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण त्याचे; पण चार ओळींचं पत्र आलं तरी तो शब्दाशब्दाखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचा. "अक्षरं काढणं येगळं आन् वाचणं येगळं, सुमनबाई," तो मला म्हणायचा. "काढताना ती एकेकटी असतेत. वाचताना समदी मिळून अंगावर येतेत."

माझा त्याच्याशी संबंध आला तो याचमुळं. त्याला एक पुस्तक वाचून दाखवायचं होतं.

माझे वडील मानवतला पाळक होते. आमची मंडळी म्हणजे तीस-पस्तीस ख्रिस्ती घरं, प्रार्थनेची जागा म्हणजे पत्र्याचा एक लांबट हॉल, आणि त्याच आवारात बालवाडी. तिथं मी शिकवायचे. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात हॉलची मागची भिंत फुगली, म्हणून दिवाळीनंतर ती पाडून नवी बांधली. बारा फूट रुंद, दहा फूट उंच, पांढरी. बाबा रोज संध्याकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायला लागले. आठवडाभरानं जेवताना म्हणाले, "हिच्यावर चित्र पाहिजे."

चित्र त्यांच्या डोक्यात ठरलेलं होतं. बायबलच्या अगदी शेवटच्या पुस्तकात योहान नावाच्या एका माणसाला दिसलेलं सगळं आहे. तो एका बेटावर हद्दपार होता आणि तिथून त्यानं जगाचा शेवट पाहिला. चार रंगांचे चार घोडेस्वार, आग, समुद्रातून वर येणारं सात तोंडांचं श्वापद आणि हे सगळं संपल्यावर आकाशातून उतरणारं नवं शहर, जिथं रडणं नाही आणि मरण नाही. बाबांना शहर हवं होतं. मंडळीतली बरीच माणसं कुठून ना कुठून घर सोडून आलेली होती. रविवारी मान वर केली की त्यांना समोर एक गाव दिसावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

व्यंकटी आला तेव्हा दारातच चपला काढून उभा राहिला. उंच, खांद्यात वाकलेला, चाळिशीला टेकलेला माणूस. पालमच्या पलीकडं गोदावरीच्या अंगाला एक वाडी आहे, तिथला शेतकऱ्याघरचा. आपल्या वाटणीची तीन एकरं थोरल्या भावाकडं, सूर्यभानकडं सोडून तो अठ्ठ्याहत्तर साली बायकोला, धुरपदाबाईला घेऊन मानवतला आला आणि एसटी स्टँडच्या मागं एका खोलीत राहिला; पुढं बाजारात त्यानं पाट्या रंगवायचं छोटं दुकान टाकलं. का आला असं कुणी विचारलं, तर म्हणायचा, "वाडीत पाट्या कोन रंगवून घेतंय?"

"मी मारुती काढतो, खंडोबा काढतो," तो बाबांना म्हणाला. "तुमचा देव मला म्हाईत न्हाई, पाळकसाहेब. उगं चुकायचं काईतरी."

"देव नको. शहर काढा. आकाशातून उतरणारं."

"आन् त्येच्या आधी काय हुतं?"

"आधी बरंच काय काय होतं," बाबा म्हणाले. "सुमन वाचून दाखवील."

मग रोज दुपारी बालवाडी सुटली की मी बाकावर बसून वाचायचे आणि तो खाली पाय पसरून, पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं रेघा मारत ऐकायचा. दहा-बारा दुपारी असं चाललं. मी ते पुस्तक लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्याच्या प्रश्नांनी मलाच कळेनासं व्हायला लागलं.

"सूर्य नेसलेली बाई," तो म्हणाला. "सूर्य नेसायचा कसा? नऊवारी का पाचवारी?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"सात तोंडं आन् धा शिंगं. वाटणी कशी करायची?"

तेही लिहिलेलं नव्हतं. आगीचं तळं त्याला पटेना. तळ्याला आग कशी लागेल, असं त्याचं म्हणणं. समुद्र त्यानं पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता. काचेसारखा समुद्र म्हणजे कसा, यावर तो म्हणाला, की येलदरीला धरणाच्या भिंतीवर आकडे रंगवायला गेलो होतो, तेव्हा माघात सकाळचं पाणी तसं होतं. वारा नाही, लाट नाही, वरून चाललेला बगळा खाली दिसायचा. "तेच काढतो," तो म्हणाला.

पण त्याची खरी अडचण वेगळीच होती. एक दिवस त्यानं मला मधेच थांबवलं.

"ह्यो मानूस सारखं 'म्या पाहिलं, म्या पाहिलं' म्हनतोय. म्हंजे हे झालेलं हाय ना?"

"नाही. व्हायचं आहे."

"व्हायचंय तर पाहिलं कसं?"

मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, जे होणार ते त्याला आधी दाखवलं. हे मी व्यंकटीला सांगितलं. त्यानं मान हलवली, पण त्याच्या चेहऱ्यावरून काही पोचल्यासारखं दिसलं नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "पाहताना तो उभा कुठं हुता?"

"बेटावर."

"आन् त्यानं काय केलं?"

"काय करणार? लिहून ठेवलं."

"दुसरं काईच न्हाई?"

"नाही."

त्यानं पेन्सिल कानावर ठेवली आणि त्या दिवशी तो लवकर निघून गेला.

डिसेंबरात त्यानं भिंतीला हात घातला. एरवी तो पाटी वरून खाली रंगवत यायचा, म्हणजे ओघळ पुसता येतात. ही भिंत त्यानं खालून सुरू केली. आधी आग. मग घोडे. मी बालवाडीच्या सुट्टीत डोकावायचे. घोडे फार सुंदर झाले होते, विशेषतः पांढरा. त्याच्या कपाळावर त्यानं एक करडा चांद काढला होता. धूर मात्र मला विचित्र वाटला. चित्रात धूर वर जातो. याचा आडवा, जमिनीसरसा पसरलेला.

"धूर असा असतो का, व्यंकटभाऊ?"

"ओल्या कुडाच्या भिंतीचा असाच ऱ्हातो," तो म्हणाला.

श्वापदाला त्यानं सात तोंडं काढली ती माणसांची. पटके, टोप्या, एकाला चष्मा. बाबा बघायला आले. "हे राक्षस वाटत नाहीत," ते म्हणाले. "हे एसटीची वाट बघत बसलेत असं वाटतंय."

"मलाबी तसंच वाटायलंय," व्यंकटी म्हणाला. तो खरोखरच गोंधळला होता. "सुळे काढायला बसलो की हात जात न्हाई. डोळे लाल करायला गेलो तर आपोआप निवतेत. काय करावं उमजंना."

जानेवारीच्या अखेरीस बायनाबाई परत आली. बायनाबाई हॉल झाडायची. लेक चांगुणा पूर्णेला दिलेली, तिच्या बाळंतपणाला ती दोन महिने गेली होती. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात कितीतरी खेड्यांत दलितांची घरं जाळली गेली. त्यातच हिचं घर गेलं. नवरा आणि लेक घेऊन ती आमच्या व्हरांड्यात आली, वर्षभर तिथंच राहिली. नवरा पुढं वारला. बाबांनी तिला कधी बाप्तिस्म्याचं विचारलं नाही आणि तिनं कधी घेतला नाही. तिच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो होता, आणि रविवारी ती मागच्या बाकावर बसून गाणी ऐकायची. तिचं गाव कुठलं हे मी कधी विचारलं नव्हतं. कुठलंतरी, एवढंच माहीत.

त्या सकाळी ती खराटा घेऊन आत आली. व्यंकटी स्टुलावर उभा राहून तांबड्या घोड्याची आयाळ करत होता. मी मुलांच्या पाट्या मोजत होते. खराट्याचा आवाज येईना म्हणून मी वर पाहिलं. ती भिंतीसमोर उभी होती. मग ती सरळ पुढं गेली आणि पहिल्या तोंडावर बोट ठेवलं.

"ह्यो दत्तराव."

व्यंकटीचा ब्रश थांबला.

"ह्यो माणिकराव. घोडाबी त्येचाच, चांदाचा. ह्यो बन्सीधर, सोसायटीतला. ह्यो त्येचा साडू." मी सकाळी मुलांची हजेरी घेते तितक्या साध्या आवाजात ती बोलत होती. पाचव्या आणि सहाव्यापाशी ती थोडी थांबली. "ह्यांची नावं मला कवाच ठाऊक न्हवती. पल्याडच्या गावचे. पर हेच."

सातव्यावर तिनं बोट ठेवलं नाही. "ह्यो तुला म्हाईत हाय, व्यंकटी."

मग ती खाली वाकली. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात, पाण्यात एका उंचवट्यावर व्यंकटीनं योहानाला उभं केलं होतं, वीतभर उंचीचा, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. "आन् हे तू. धोंड्यावर. तिथनं समदं दिसत हुतं तुला."

एवढं बोलून तिनं खराटा उचलला आणि हॉलच्या दुसऱ्या टोकापासून झाडायला लागली.

ती दोघं एकाच वाडीची होती. नऊ वर्षं एकाच गावात राहत होती, बाजारात रोज समोरासमोर येत असणार. आणि मला पत्ता नव्हता. तिनं त्याला नुसत्या नावानं, 'अरे-तुरे' हाक मारली, वाडीत तिला हे कधी करता आलं नसतं, हेही माझ्या उशिरा लक्षात आलं.

व्यंकटी स्टुलावरून उतरला. हातातला ब्रश त्यानं सरळ जमिनीवर ठेवला. असं तो कधी करायचा नाही. "मी न्हाई काढले," तो मला म्हणाला. "म्हंजे हात माझाच. पर मी तुमचं शास्त्र ऐकून काढत हुतो. हे कवा आले मला मालूम न्हाई."

मी त्याला पाणी दिलं. ते हातात धरून त्यानं सांगितलं ते असं.

ऑगस्टातली दुपार, पावसानं दोन दिवस उघडीप दिलेली. तो वाडीबाहेर ओढ्याकाठच्या मोठ्या धोंड्यावर बसला होता. पलीकडं वस्ती, अकरा घरं. वाडीतली आणि शेजारच्या गावातली माणसं ओढा ओलांडून गेली. पुढं माणिकरावाचा घोडा होता. आधी आरडाओरड झाली, मग धूर. वस्तीतली माणसं ज्वारीच्या पिकात घुसली म्हणून जीव वाचले. व्यंकटी उठून उभा राहिला आणि उभाच राहिला. किती वेळ ते त्याला सांगता येईना.

"मग सूर्यभानदादा पळत गेला," तो म्हणाला. "आगीकडं. हातात डबा हुता. माझाच डबा. ब्रश धुवायला रॉकेल ठेवायचो मी त्यात. निळा, वर मी पिवळं फूल काढलेलं. त्यामुळं लांबून वळखला."

"जाळायला गेले का विझवायला?"

"तेच तर मला कळलं न्हाई."

"विचारलं नाही तुम्ही?"

"न्हाई. इचारायचं म्हनलं की जीभ उचलायची न्हाई. मग हितं आलो."

"डब्यात रॉकेल होतं का?"

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "कवा वाटतंय, आठ दिस आधीच संपलं हुतं, मी आनायचं म्हनत हुतो. कवा वाटतंय, निम्मं हुतं. दोन्ही आठवतंय मला, सुमनबाई. दोन्ही सारखंच खरं आठवतंय."

बातमी मंडळीत पसरायला दोन दिवस लागले नाहीत. रविवारी उपासनेनंतर सगळे थांबले. कुणी म्हणालं, आमची घरं जाळणाऱ्यांसमोर आम्ही मान खाली घालून प्रार्थना करायची का, आजच्या आज पुसा. मंडळीतल्या गीताबाई म्हणाल्या, उलट असू द्या, दर रविवारी त्यांनाच आपल्याकडं बघत बसू दे. एकानं विचारलं, माणिकरावाच्या कानावर गेलं तर इथं कोण येईल आणि काय होईल. बाबांना कुणाचंच खोडता येईना. शेवटी ते म्हणाले, "शास्त्रात श्वापद आहे. दत्तराव नाही." त्यांनी व्यंकटीला सांगितलं, तोंडं जनावरांची करा.

त्यानं ऐकलं. कॅलेंडरावरचा सिंह समोर ठेवून पहिलं तोंड सिंहाचं करायला घेतलं. दोन दिवसांनी मी पाहिलं तर आयाळ होती, जबडा होता आणि आत दत्तरावाचे डोळे तसेच. व्यंकटी हैराण होऊन म्हणाला, "आता दत्तराव सिंव्हाचं कातडं पांघरून बसलाय." त्यानं ते खरवडलं आणि खालचं तोंड पुन्हा नीट केलं.

बाबांनी मग बायनाबाईलाच विचारलं, काय करावं.

"मला कशाला इचारता? भिंत तुमची, हात त्येचा."

"तरी पण. तुम्हाला रोज इथं यावं लागतं."

"झाडायला आडचण न्हाई," ती म्हणाली.

चित्र तसंच राहिलं, अर्धवट. वरची अर्धी भिंत पांढरी.

मार्चमध्ये सूर्यभान आला. पालमच्या बाजारात त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की तुझ्या भावानं तुला किरिस्तावांच्या देवळात टांगलंय. तो परभणीला एसटी बदलून दुपारी पोचला, पांढरा पटका, काखेत ओल्या हरभऱ्याची पेंढी. मला वाटलं आता भांडण होणार. मी बाबांना बोलवायला बालवाडीतल्या बाईंना पाठवलं आणि स्वतः दारात थांबले.

व्यंकटी आत होता. भाऊ दिसताच तो स्टुलावरून उतरून बाजूला झाला. दोघं नऊ वर्षांनी एकमेकांसमोर आले होते. कुणीच कुणाला 'कसा हायेस' म्हणालं नाही.

"कंचा मी?" सूर्यभाननं विचारलं.

सूर्यभान एकेक तोंड बघत सरकला. पाचव्याकडं बोट करून म्हणाला, "ह्यो का?" व्यंकटीनं मान हलवली, नाही. मग त्याचं लक्ष सातव्याकडं गेलं. त्यानं आपल्या नाकाला हात लावून बघितला.

"मी पानी नेलतं त्यात," तो म्हणाला.

"डबा रिकामा हुता?" व्यंकटीनं विचारलं. नऊ वर्षं अडकलेला प्रश्न इतक्या हळू निघाला की मला जेमतेम ऐकू आला.

"तुजा डबा. तुला ठाव."

"मला आठवंना, दादा."

"मग मी सांगायलोय की. ओढ्यातनं भरला आन् पळालो."

"अकरा घरांना एक डबा?"

"हातात तेवडंच हुतं. दुसरं काय घ्यायचं म्या?" सूर्यभानचा आवाज चढला नाही. तो रागावला होता की दुखावला होता, हे मला आजही ठरवता येत नाही. "तू तर तेवडंबी न्हाई घेतलंस."

बायनाबाई मागच्या दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. व्यंकटीनं तिच्याकडं वळून विचारलं, "बायनाबाई, तुमी पाहिलं का? डब्यात काय हुतं?"

"डबा पाहिला," ती म्हणाली. "फुलाचा. आत काय ते न्हाई पाहिलं. मी लेकीला भाईर काढत हुते."

"पानीच हुतं, बायनाबाई," सूर्यभान म्हणाला.

"आसल," ती म्हणाली.

हा एक शब्द मी कितीदा आठवून पाहिला. तिनं तो विश्वास ठेवून म्हटला, की विषय संपवायला, की तिला आता त्याचं काहीच वाटत नव्हतं? आवाजात काही नव्हतं. सूर्यभान थोडा वेळ थांबला, कुणी आणखी काही बोलेल या अपेक्षेनं, आणि मग स्टँडकडं निघून गेला. हरभऱ्याची पेंढी बाकावर राहिली. ती भावासाठी आणली होती, का बायनाबाईसाठी, का नुसती विसरला, हे कळायला मार्ग नव्हता. दोन दिवस तिला कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पानं सुकायला लागली, तेव्हा बायनाबाईनं झाडताना ती उचलली आणि बालवाडीतल्या मुलांना वाटून टाकली.

त्याच आठवड्यात व्यंकटीनं सातव्या तोंडावर धूर काढला. करडा, आडवा, जाड. बाबांनी येऊन मोजलं.

"सहाच झाली. सात पाहिजेत."

"सातवं हाय की. धुरामागं हाय."

"पण कोण आहे ते?"

"कळंल तवा धूर काढीन," व्यंकटी म्हणाला.

वरचं शहर त्यानं एप्रिलमध्ये पुरं केलं. शास्त्रात लिहिल्याप्रमाणं बारा दरवाजे, सगळे उघडे. खाली येलदरीचं पाणी, त्यात शहराची पडछाया. घरं साधी, पांढरी, एका रांगेत, प्रत्येकापुढं ओटा. सगळ्यांना ते आवडलं. पण त्यात माणूस एकही नव्हता. गीताबाईंनी विचारलं, माणसं कुठं आहेत.

"कोन ऱ्हानार ते सांगा, काढतो," तो म्हणाला.

यावर जे सुरू झालं ते कधी संपलं नाही. कुणी म्हणालं, मंडळीतली सगळी काढा. कुणी विचारलं, बायनाबाईला काढायचं का, तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. कुणी विचारलं, आणि खालच्या सहांपैकी एखाद्यानं पश्चात्ताप केला तर? बाबांनी त्यावर तीन रविवार उपदेश केला आणि चौथ्या रविवारी विषय बदलला. शहर रिकामंच राहिलं. बाहेरगावचे लोक बघायला यायचे, तोंडं मोजायचे आणि जाताना सांगायचे, पेंटरचं एक चुकलंय. माणिकरावाकडून मात्र कधी कुणी आलं नाही. आम्ही वर्षभर त्या भीतीत होतो आणि मग भीतीही आपोआप विरली.

सूर्यभान त्यानंतर दर दिवाळीला यायचा. ज्वारीचं पोतं उतरवायचा, भावाच्या खोलीत जेवायचा. धुरपदाबाई मला सांगायच्या, दोघं पावसाचं बोलतेत, बैलाचं बोलतेत, डब्याचं न्हाई. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात तो तापानं गेला. व्यंकटी चौदा वर्षांनी वाडीत गेला. तेराव्यानंतर परत आला तो थेट आमच्याकडं.

"डबा हाय अजून," तो म्हणाला. "माळवदाच्या कोनाड्यात. फूल निम्मं उडालंय."

"मग?"

"हुंगून पाहिला. तुरीच्या बियानाचा वास येतोय." तो स्वतःशीच थोडं हसला आणि लगेच थांबला. "येडाच हाय मी. चौदा वर्सांनी काय वास ऱ्हानार?"

मी त्याला विचारलं, आता धूर तसाच ठेवायचा का. त्यानं भिंतीकडं पाहिलं. दादा खरं बोलला असेल तर तो त्या तोंडात नकोच, तो म्हणाला, आणि खोटं बोलला असेल तर नऊ वर्षांनी एसटी बदलून इतक्या लांब तो कशाला आला असता? मग लगेच म्हणाला, की खोटं बोलणारा माणूसही येतो, जास्तच येतो. त्यानं धुराला हात लावला नाही.

बायनाबाई त्याआधीच थकली होती. झाडायचं काम चांगुणाकडं आलं होतं. ती नवऱ्यासकट मानवतलाच राहायला आली होती. त्या दिवशी वाडीत आईनं बाहेर काढलेली लेक ती हीच, तेव्हा नऊ-दहा वर्षांची. व्यंकटीशी ती बोलायची नाही. भांडायचीही नाही. तो आला की दुसऱ्या दारानं जायची.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दिवशी रेडिओवर सांगितलं, विद्यापीठाचा नामविस्तार झाला, बाबासाहेबांचं नाव लागलं. आमच्या गल्लीत गुलाल उडाला. पलीकडच्या आळीत दुकानं अर्धी मिटली. बाबांनी आम्हाला घरात बसा म्हटलं. मला आनंद करावा की दार लावावं हे कळत नव्हतं, आणि मी दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यंकटी आवारात आला. हाताला रंग तसाच. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "चांगुणा आली हुती दुकानात."

"तुमच्याकडं?"

"पेढ्याचा पुडा घिऊन. सगळ्या बाजारात वाटत चाललेली. समोर उभी ऱ्हायली, पुडा पुढं केला. मी एक घेतला."

"काय म्हणाली?"

"काईच न्हाई. उभी हुती. मीच काईतरी बोलावं असं वाटायलं असंल तिला, का नसंल. चांगलं झालं म्हनावं? ते मी कोन म्हननारा? माफ कर म्हनावं? हातात पेढा धरून? तिच्या आईला तर कवा म्हनलो न्हाई." त्यानं हात पँटीला पुसले. रंग वाळलेला होता, निघाला नाही. "तुमी शिकलेल्या हाव, सुमनबाई. काय म्हनायचं हुतं मी?"

मी उलट त्यालाच विचारलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"गोड हाय म्हनलो," तो म्हणाला. "तिनं मान हलवली आन् पुढल्या दुकानात गेली."